चार एडिट मशीन, एक स्टोरेज: डिस्क हातात घेऊन फिरणं बंद कसं केलं

आमच्याकडे आधी पद्धत अशी होती की ज्याच्या हातात डिस्क त्याच्याकडे काम. टेबलावर सात-आठ एक्सटर्नल ड्राइव्ह पडलेल्या, प्रत्येकीवर पांढरी टेप आणि टेपवर मार्करने लिहिलेलं, "संगीत", "वरात ड्रोन", असं काहीबाही. एका सीझनला दोन वेगवेगळ्या डिस्कवर "हळद कॅम बी" असं सेम टू सेम लिहिलेलं निघालं, एकीत ओरिजिनल आणि दुसरीत मधेच तुटलेली कॉपी, आणि ज्या पोराने हायलाइट कापला त्याने बरोब्बर तुटलेल्या कॉपीवर कापला. व्हिडिओ डिलिव्हर झाल्यावर नवरीच्या आत्याचा फोन, "अहो दादा, मी हळद लावताना एकपण नाही का हो?" त्या संध्याकाळी ठरवलं की आता नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येईल असा डिस्कचा एकच डबा.

सेटअप सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळतो का बघता येईल. चार सीट, तीन विंडोज मशीन आणि एक मॅक स्टुडिओ. काम म्हणजे लग्नं, यूट्यूब चॅनेल, थोडं कॉर्पोरेट. प्रीमिअर आणि रिझॉल्व ही दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअर चालतात. दहा-पंधरा सीट आणि सिनेमाचं रॉ फुटेज असेल तर तो वेगळा खेळ आहे, ते ज्याचं रोजचं काम आहे अशा माणसाला बोलवा.

खरेदीच्या आधी कागद-पेन घ्या

सगळ्यात जास्त घोळ बिट आणि बाइटचा होतो. कॅमेरा मेगाबिट सांगतो, डिस्क मेगाबाइट सांगते, म्हणून कॅमेऱ्याचा आकडा आठाने भागायचा. फोर-के पंचवीस फ्रेमचं नेहमीचं लाँग-जीओपी (बहुतेक फ्रेमचा फक्त फरक साठवणारं) फुटेज १०० ते १४० मेगाबिट असतं म्हणजे सेकंदाला १२ ते १७ एमबी, हे काहीच नाही. ऑल-इंट्रा मोडला, म्हणजे प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवून, शूट केलं की २५० मेगाबिट, म्हणजे ३१ एमबी. प्रोरेस ४२२ एचक्यू या एडिटिंगच्या फॉरमॅटला यूएचडी म्हणजे फोर-के पंचवीस फ्रेमला ७३७ मेगाबिट, म्हणजे एका स्ट्रीमला ९२ एमबी. आता तीन अँगलचं मल्टिकॅम ऑल-इंट्रामधे उघडलं तर तिन्ही अँगल एकदम चालतात, सुमारे ९४ एमबी झाले एका माणसाचे, आणि चौघं तेच करत बसले तर पावणेचारशे.

साधं गिगाबिट नेटवर्क प्रत्यक्षात ११०-११५ एमबी देतं, २.५ गिगाबिट साधारण २८० आणि १० गिगाबिट हजार-अकराशे. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले की दुकानदार तुम्हाला काहीही विकू शकत नाही.

आणि बजेट नसेल तर लाजायचं काही कारण नाही. प्रॉक्सी म्हणजे एडिटपुरती केलेली हलकी कॉपी वापरा. प्रोरेस प्रॉक्सी १०८० पंचवीस फ्रेमला ३८ मेगाबिट, म्हणजे पाच एमबीसुद्धा नाही, त्यावर चौघं काय आठ जण गिगाबिटवर आरामात एडिट करतील, फक्त फायनल कलर आणि एक्सपोर्टला ओरिजिनल जोडायचं. आम्ही पहिलं वर्ष असंच काढलं.

अजून एक टेस्ट, जी केली नाही तर पैसे पाण्यात जातील. जी क्लिप अडखळते ती मशीनमधल्या एनव्हीएमईवर (आतल्या वेगवान एसएसडीवर) कॉपी करा आणि तिथून प्ले करा. तरी अडखळली तर दोष स्टोरेजचा नाही, प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डला ते डीकोड होत नाहीये. एच.२६५ टेन-बिट ४:२:२ फुटेजला हे फार होतं, फाइल एवढीशी असते पण मशीनचा घाम काढते, आणि लोक लाखभर रुपयांचं नेटवर्क टाकून मग म्हणतात अजूनही अडकतंय.

जागेचा हिशोब सोपा आहे. १०० मेगाबिटचं एक तास फुटेज म्हणजे ४५ जीबी. आमचं दोन दिवसांचं लग्न, तीन कॅमेरे, सगळं मिळून बारा तास फुटेज, ते झालं ५४० जीबी, ड्रोन-ऑडिओ धरून ६००. तुळशीचं लग्न झाल्यापासून मे संपेपर्यंत पंचवीस लग्नं धरली तर १५ टीबी, शिवाय यूट्यूबचं वेगळं.

डबा कुठला घ्यायचा

दोन रस्ते आहेत. रेडिमेड म्हणजे सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे, किंवा स्वतः मशीन बांधून त्यावर ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर. ऑफिसमधे कोणालाच लॉग वाचायची, गूगल करायची हौस नसेल तर सरळ रेडिमेड घ्या, फक्त १० गिगाबिट पोर्ट आहे का किंवा कार्ड टाकायला स्लॉट आहे का हे बघूनच, कारण स्वस्तातल्या बऱ्याच दोन-बेच्या (दोन डिस्कच्या) डब्यांना नुसतं गिगाबिट असतं आणि ते नंतर वाढवता येत नाही.

आम्ही एका जुन्या वर्कस्टेशनवर ट्रूनॅस टाकलं, ३२ जीबी ईसीसी (चूक पकडून दुरुस्त करणारी) रॅम आणि ८ टीबीच्या सहा डिस्क. यात एक गोष्ट पक्की करा, डिस्क रेड कार्डाच्या (अनेक डिस्क मिळून एक करून दाखवणाऱ्या कार्डाच्या) मागे लपवायच्या नाहीत. झेडएफएसला, म्हणजे ट्रूनॅसच्या फाइल सिस्टीमला, प्रत्येक डिस्क थेट दिसली पाहिजे, त्यामुळे बोर्डावरचे साटा पोर्ट वापरा नाहीतर आयटी मोडमधलं एचबीए कार्ड, म्हणजे डिस्क आहेत तशा दाखवणारं, घ्या.

डिस्क घेताना ती सीएमआर (ट्रॅक सुटे असलेली) आहे की एसएमआर हे डेटाशीटमधे बघायचंच. एसएमआर डिस्कमधे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहायला लागतात, त्यामुळे डिस्क बदलून रीबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर परत भरणं) लावला की तो रांगतो. नॅससाठी म्हणून विकलेल्या डिस्कमधेही न सांगता एसएमआर निघाल्या होत्या, २०२० मधे त्यावरून बराच गदारोळ झाला. म्हणजे डब्यावर "नॅस" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. आणि जमलं तर सहाच्या सहा एकाच लॉटमधल्या घेऊ नका, दोन दुकानांतून घ्या.

रेड कुठली, तर रेडझेड-२, रेडिमेड डब्यात रेड-६. दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. मला पण वाटलेलं की एक डिस्कची जागा वाचवावी, पण हिशोब करा की ८ टीबी डिस्क सेकंदाला २०० एमबीने सलग भरली तरी अकरा तास लागतात, हे आदर्श परिस्थितीत, वर चार जण काम करत असतील तर दिवस-दीड दिवस धरा, आणि त्या सगळ्या वेळात उरलेल्या म्हाताऱ्या डिस्क फुल रगडल्या जात असतात. तेव्हाच दुसरी जाते.

सहापैकी चार डिस्कची जागा म्हणजे ३२ टीबी, सिस्टीम दाखवते २९, कारण ती १०२४ च्या हिशोबाने मोजते. त्यातले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे २३ च्या आसपास. पूल (सगळ्या डिस्क मिळून झालेली जागा) गच्च भरला की झेडएफएसला सलग रिकामी जागा सापडत नाही आणि स्पीड पडतो, शिवाय डिस्कच्या आतल्या ट्रॅकचा स्पीड तसाही बाहेरच्याच्या अर्ध्यावर येतो.

"एसएसडी कॅशे टाकू का" हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. नका टाकू, म्हणजे आत्ता तरी. ते पैसे रॅममधे घाला, झेडएफएस रिकामी रॅम कॅशे म्हणूनच वापरतं. व्हिडिओ फुटेज सलग वाचलं जातं आणि एवढं मोठं असतं की छोट्या कॅशेत ते मावत पण नाही. आमच्या सहा डिस्कना एकट्याला पाचशे-सहाशे एमबी मिळतात, चौघं एकदम बसले की डिस्कचं हेड इकडून तिकडे उड्या मारतं आणि एकूण आकडा खाली येतो, तरी कामाला पुरतो.

केबल, स्विच, कार्ड

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय म्हणून नीट सांगतो. कॅट सिक्स केबलवर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत चालतं, कॅट सिक्स-ए वर १०० मीटर. आपली ऑफिसं केवढी असतात, कॅट सिक्स पुरते. पण बाजारात कॅट सिक्स छापलेली केबल आतून अ‍ॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा, अशी भरपूर मिळते. ओळखायची सोपी युक्ती, आतली एक तार घ्या आणि ब्लेडने हलकं खरवडा. आत चांदीसारखं पांढरं दिसलं की ती परत करा. खरी तांब्याची कितीही खरवडली तरी लालच राहते. आमच्या पहिल्या बंडलची तार मी स्वतः खरवडली, पांढरी निघाली, आणि ते बंडल तोपर्यंत केसिंग-पट्टीतून भिंतीला फिरवून झालेलं होतं.

स्विचला चार सीट आणि एक नॅस म्हणजे कमीत कमी पाच टेन-गिग पोर्ट लागतात, आठचा घ्या. नॅस आणि स्विच एकाच रॅकमधे असतील तर मधे डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार तांब्याची केबल) वापरा, स्वस्त आणि थंड. एसएफपी प्लसच्या (मॉड्यूल घालायच्या टेन-गिग) पोर्टात तांब्याच्या केबलचं मॉड्यूल घातलं तर ते चटका बसेल इतकं तापतं, त्यामुळे शेजारशेजारच्या पोर्टात दोन लावू नका.

मशीनमधलं कार्ड, इंटेल एक्स५५० किंवा अ‍ॅक्वांशियाचं चालेल. सेकंडहँड सर्व्हर कार्ड घेतलं तर त्याला हवा लागते, साध्या कॅबिनेटमधे छोटा फॅन द्या. आणि मदरबोर्डचं मॅन्युअल उघडून बघा की ज्या लांब स्लॉटमधे कार्ड बसवताय तो आतून खरंच चार लेनचा (डेटाच्या चार रस्त्यांचा) आहे का, काही बोर्डांवर स्लॉट दिसायला लांब आणि वायरिंग एकाच लेनचं असतं. मॅक स्टुडिओला टेन-गिग आतूनच आहे. लॅपटॉपवाल्याला २.५ गिगाबिटचा यूएसबी अडॅप्टर द्या, एका माणसाला तो भरपूर झाला.

आता आयपी. टेन-गिगचं नेटवर्क इंटरनेटच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा. नॅसच्या टेन-गिग पोर्टला १०.१०.१०.१, मशीनना १०.१०.१०.११, १२, १३, १४, सबनेट २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा सोडायचा. इंटरनेट नेहमीच्या गिगाबिट पोर्टवरून किंवा वायफायवरून चालू राहील. नॅसचे दोन्ही पोर्ट एकाच सबनेटमधे ठेवलेत तर ट्रॅफिक कुठून जाईल याचा भरवसा नाही.

आणि ड्राइव्ह मॅप करताना नॅसचं नाव टाकू नका, हा आकडाच टाका. मी नाव टाकलेलं. कॉपी लावली की ११२ एमबी, त्याच्या पुढे हलेना. केबल बदलली, तीनदा, ड्रायव्हर बदलला, स्विच परत करायला निघालो होतो, आणि दुसऱ्या दिवशी टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर सगळा डेटा राउटरवरून साध्या पोर्टने येतोय आणि नवीन टेन-गिग कार्ड शून्यावर शांत बसलंय. नावाचा पत्ता राउटर देत होता, आणि त्याला माहिती असलेला पत्ता गिगाबिटचा. ११०-११५ हा आकडा दिसला की समजायचं, आपण चुकीच्या रस्त्याने चाललोय.

म्हणून डिस्क टेस्ट करायच्या आधी नुसतं नेटवर्क टेस्ट करा, आयपर्फ-३ या सॉफ्टवेअरने. नॅसवर सर्व्हर मोड, मशीनवर क्लायंट मोड, पत्ता १०.१०.१०.१. सव्वानऊ-साडेनऊ गिगाबिट आलं तर पास. दोन-तीन गिगाबिटवर अडकलं तर स्लॉट किंवा कार्ड बघा. ही टेस्ट प्रत्येक मशीनवरून, आणि दोन्ही दिशांनी, कारण एका बाजूने फुल आणि उलट बाजूने अर्धं असं खराब केबलला होतं.

जंबो फ्रेम म्हणजे एमटीयू (नेटवर्कवरच्या एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० करायचा मोह होईल. आधी १५०० वरच सगळं चालवून बघा. ९००० केलं तर नॅस, स्विच, चारही मशीन सगळीकडे करायला लागतं, एक जरी राहिलं तर छोट्या फाइल उघडतात आणि मोठ्या लटकतात, आणि हे शोधताना डोकं फिरतं. आम्ही १५०० वरच आहोत.

शेअर आणि फोल्डर

ट्रूनॅसमधे व्हिडिओसाठी वेगळा डेटासेट (स्वतःची सेटिंग असलेला कप्पा) करा, रेकॉर्ड साइझ १ एमबी, एलझेड-४ कॉम्प्रेशन आहे तसं चालू ठेवा, अ‍ॅक्सेस टाइम बंद. शेअर एसएमबीचाच (नेटवर्कवर फाइल वाटायची पद्धत), विंडोज-मॅक दोन्हीला चालतो. ऑफिसात एकपण मॅक असेल तर अ‍ॅपलच्या एक्स्टेंशनचा ऑप्शन पहिल्याच दिवशी ऑन करा, डेटा भरल्यावर नको.

गेस्ट अ‍ॅक्सेस ठेवू नका. विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून प्रो वगैरेमधे गेस्ट लॉगिन मुळातच अडवलंय, त्यामुळे "कालपर्यंत उघडत होतं" हा फोन येणारच. प्रत्येकाला स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड.

मग तीन फोल्डर. एक रॉ फुटेजचं, एक प्रोजेक्टचं, एक एक्सपोर्टचं. रॉ फुटेजचं फोल्डर एडिटरांना फक्त वाचायला, लिहायचं नाही. कार्ड खाली करायचं काम एका वेगळ्या "इन्जेस्ट" युजरने, त्याचा पासवर्ड दोघांकडेच, आणि कॉपी चेकसम (कॉपी ओरिजिनलसारखीच झाली का हे सांगणारा आकडा) तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने, साधं ओढून टाकायचं नाही. सुरुवातीला पोरं कुरकुरली, "सर नाव पण बदलता येत नाही". तेच तर पाहिजे होतं, तुटलेली कॉपी आणि ओरिजिनल अशी दोन भावंडं आता तयारच होत नाहीत.

विंडोजवर तिन्ही मशीनना ड्राइव्हचं अक्षर एकच द्या, आमच्याकडे "एम". एकावर एम आणि दुसऱ्यावर झेड असेल तर प्रत्येक वेळी मीडिया ऑफलाइन आणि रीलिंक. मॅकला अक्षरं नसतात, त्याचा पाथ वेगळा, त्यासाठी रिझॉल्वच्या मीडिया स्टोरेज सेटिंगमधे मॅप्ड माउंट म्हणून रकाना आहे, तिथे विंडोजचा पाथ लिहिला की मॅकला तीच क्लिप सापडते. प्रीमिअरमधे पहिल्या वेळी रीलिंक करायला लागू शकतं, एक फाइल दाखवली की बाकीच्या त्याच फोल्डरमधल्या तो स्वतः शोधतो.

फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत, तारीख पुढे, स्पेसच्या जागी अंडरस्कोर, स्लॅश-कोलन-प्रश्नचिन्ह बिलकुल नाही, कारण मॅक काही चिन्हं चालवून घेतो आणि विंडोज त्याच फाइलवर रुसून बसतो. आणि फोल्डरच्या आत फोल्डर दहा लेव्हल नको, २६० अक्षरांच्या पुढे पाथ गेला की जुनी सॉफ्टवेअर गडबडतात.

सॉफ्टवेअरमधे काय बदलायचं

कॅशे नॅसवर ठेवायचा नाही. प्रीमिअरचा मीडिया कॅशे, रिझॉल्वचा रेंडर कॅशे, सगळं प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या एनव्हीएमईवर. हजारो बारक्या फाइली असतात त्या, नॅसच्या फिरत्या डिस्कना त्यांनीच दम लागतो.

एक प्रीमिअर प्रोजेक्ट दोघांनी एकदम उघडायचा नाही. प्रॉडक्शन्स नावाची सोय आहे प्रीमिअरमधे, २०२० पासून, त्यात मोठ्या कामाचे छोटे प्रोजेक्ट करून एका फोल्डरमधे ठेवता येतात, एकाने उघडला की दुसऱ्याला तो लॉक दिसतो. आम्ही लग्नाचे भाग तसेच पाडतो, हळद एकाकडे, संगीत दुसऱ्याकडे. रिझॉल्वचं उलट आहे, त्याचे प्रोजेक्ट डेटाबेसमधे असतात, तो डेटाबेस फोल्डर उचलून शेअरवर ठेवायचा शॉर्टकट मारू नका, करप्ट होईल. ब्लॅकमॅजिकचा प्रोजेक्ट सर्व्हर नेहमी चालू राहणाऱ्या एका मशीनवर टाका आणि बाकीचे त्याला जोडा, आणि त्या डेटाबेसचा रोजचा बॅकअप लावा, तो नॅसच्या बॅकअपमधे आपोआप येत नाही.

हे सगळं झालं की खरी परीक्षा. चारही मशीनवर एकाच वेळी सगळ्यात जड टाइमलाइन प्ले करा, आणि त्याच वेळी पाचव्या माणसाला कार्ड खाली करायला बसवा. एकेकट्याने टेस्ट करून काहीच कळत नाही. आमच्याकडे इन्जेस्ट चालू झालं की दोन सीट अडखळायच्या, शेवटी नियम केला की मोठं कार्ड जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी.

लाइट, पाऊस, व्हायरस

नॅस यूपीएसवर हवाच, आणि यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडलेली हवी, म्हणजे बॅटरी संपत आली की तो स्वतः नीट बंद होतो. स्विचसुद्धा यूपीएसवर घ्या, हे लोक विसरतात, मग लाइट गेली की नॅस चालू आणि रस्ता बंद. पावसाळ्यात रॅक भिंतीला चिकटवून ठेवू नका, आणि डिस्कचं टेंपरेचर ४५ च्या खाली राहील असं बघा, धुळीची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ.

स्नॅपशॉट (त्या क्षणी फाइली कशा होत्या याची नोंद) तासातासाला लावा, दोन आठवडे ठेवा. चुकून डिलीट झालेला प्रोजेक्ट दोन मिनिटांत परत येतो. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं), आणि ईमेल अलर्ट चालू आहे का हे टेस्ट मेल पाठवून बघा.

नॅस इंटरनेटवर उघडा ठेवू नका, म्हणजे राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून घरून बघायची हौस नको. जानेवारी २०२२ मधे डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असे उघडे असलेले क्यूनॅप डबे शोधून लॉक केले होते. घरून लागतच असेल तर टेलस्केलसारखं व्हीपीएन वापरा.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे आता सगळ्यांना पाठ आहे पण करत कोणी नाही. आमच्याकडे कार्डावरून पहिली कॉपी नॅसवर, दुसरी त्याच वेळी एका सुट्या डिस्कवर, ती डिस्क दर शनिवारी माझ्या घरी जाते. क्लायंटने पेनड्राइव्ह घेऊन सही केल्याशिवाय कार्ड फॉरमॅट होत नाही. वर्षाला शे-दोनशे टीबी काम असेल तर एलटीओ टेप बघा, एलटीओ-८ च्या एका टेपवर १२ टीबी मावतात, पण ड्राइव्ह महाग आहे, आमच्या आकाराला परवडत नाही.

एक शेवटची गोष्ट, जी मी उशिरा केली. डिस्क बसवताना प्रत्येक ट्रेवर बाहेरून तिचा सीरियल नंबर लिहा. दुसऱ्या वर्षी भर सीझनला मेल आला की एक डिस्क गेली, मेलमधे सीरियल नंबर होता, पण तो नंबर कुठल्या ट्रेमधे आहे हे कोणाला माहिती, मी अंदाजाने वरून तिसरी ओढली. चांगली होती ती. म्हणजे सहापैकी दोन बाहेर, आणि चौघं जण एडिट करतायत. रेडझेड-२ होतं म्हणून कोणाची टाइमलाइनसुद्धा थांबली नाही, मी गुपचूप ती परत सरकवली, दहा मिनिटांत ती जुळली, मग नॅस बंद करून एकेक डिस्क बाहेर काढून नंबर वाचले. आता सहाही ट्रेवर नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिलेत. पांढरी टेप आणि मार्कर जुनेच आहेत.